आपला वाघ का रडत नाही

प्रिय सरकार,

पोरगं ठीक आहे, आधी एवढं वाचून श्वास घे. टाके दुखतात का? तिकडच्या दवाखान्यातले तुझे डॉक्टर तुला कधी सोडणार? फोनवर माझा आवाज फुटत नाही, म्हणून हे तुझ्या दादाबरोबर पाठवतोय.

टाचेत सुई टोचली तरी आपला वाघ रडत नाही, असं मी कौतुकानं सांगितलं होतं ना? आज सिस्टर म्हणाल्या, "अहो, दुखतं त्याला. दिवस भरायच्या आधी आलाय, रडायला ताकद नाहीये. कपाळ बघा." बघितलं. आठ्या पडलेल्या, डोळे गच्च मिटलेले, इवली बोटं फाकलेली.

आता टोचायच्या आधी सिस्टर तुझ्या दुधाचे थेंब त्याच्या जिभेवर सोडतात. मी त्याचे हातपाय ओंजळीत गोळा करून धरतो. कपाळ जरा सैल होतं. जरासंच. रक्त तर रोज काढावंच लागतं, आणि याहून जास्त मला काही करता येत नाही.

तू जेवत जा. दूध पाठवत राहा.

इथे बाळांच्या दवाखान्यात सगळे आईबाप पोर गप्प व्हावं म्हणून जिवाचं रान करतात. मी एकच मागणं मागतोय, उद्या सुई लागताच यानं भोकाड पसरावं.

तुझा,
आणि तू येईपर्यंत त्याची आईसुद्धा