चौथा मजला, डावीकडचं दार

११ मार्च, सोमवार

इमारतीची सभा. नेहमीसारखी जिन्याखाली, पत्रपेट्यांसमोर, सगळे उभे. अध्यक्षपद दरवर्षी दारोदार फिरतं. यंदा चौथा मजला, डावीकडचं दार. म्हणजे मी!

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. तिसऱ्या मजल्यावरचे गोर्का उगाच खाकरले. शेवटी व्हिसीबाई बोलल्या. ऐंशीला टेकल्यात, आवाज अजून खणखणीत. "गप्प काय बसलात? नंबर लागला म्हणजे लागला. माझा लागला तेव्हा माझे दोन्ही गुडघे गेले होते, सोडलंत मला?"

मला गच्चीची किल्ली मिळाली, बॉयलरची किल्ली मिळाली आणि बंद पडलेली लिफ्ट मिळाली. मी काय काम करते ते अख्ख्या जिन्याला ठाऊक आहे. तोंडाने कोणी म्हणत नाही. माझ्याकडे येतात त्यांना सगळे 'पाहुणे' म्हणतात. घर माझं, कर्ज फिटलेलं, विम्याचा हप्ता वेळेवर. कागदावर माझा धंदा — 'इतर वैयक्तिक सेवा'.

१२ मार्च

पत्रपेट्यांशेजारी पाटी लागली. अध्यक्ष : गार्बिन्ये ओलाएता. झुनिल्दाने जिन्यातच सलाम ठोकला. "अध्यक्षीणबाई, मागच्या खोलीतला दिवा गेलाय, लक्ष घाला!" वात्रट.

मागची खोली तिची. पाराग्वेहून आली ती आधी कुणाकुणाकडे राहिली, मग माझ्याकडे. भाडं देते. तिचे पाहुणे वेगळे, माझे वेगळे. एकीकडे कोणी असलं की दुसरी स्वयंपाकघरात. एवढाच आमचा पहारा. एकदा एक जण माझ्यावर हात उगारायला लागला तर ही लोखंडी तवा घेऊन दारात उभी राहिली. गडी बूट हातात घेऊन पळाला.

१७ मार्च

आज मॅच. बिल्बाओत कुणाचाच फोन येणार नाही. दोघींनी झोपा काढल्या.

२० मार्च

माद्रिदला विधेयक येतंय. हे काम करणं गुन्हा नाही — आजही नाही, उद्याही नाही. पण या कामासाठी जागा भाड्याने देईल तो दलाल.

आमच्या कामातल्या बायकांसाठी चालणाऱ्या संस्थेतल्या वकीलबाईंकडे गेले, योसुनेकडे. मुलगी हुशार, बोलते फाडफाड.

"एकटी राहून केलंस तर काही नाही. दोघी असाल आणि तू तिच्याकडून भाडं घेत असशील तर दलाल तू."

"माझ्याच घरात?"

"तुझ्याच घरात."

"आणि नाही घेतलं भाडं?"

"मग विचारतील, का नाही घेतलं!"

हसले. काय करणार! चोर सोडून संन्याशाला फाशी. योसुने म्हणाली, अजून काही झालेलं नाही, धीर धर. धीर धरला. बसमध्ये सुटला. खाली पाटीवर माझं नाव आहे. कोणाला तक्रार करायची असेल तर पत्ता शोधावा लागणार नाही.

२ एप्रिल

सांगितलं तिला. बीन्स निवडत होती.

"हाकलतेस?"

"मी नाही. कायदा."

"कायदा माद्रिदला आहे. इथे तर तूच दिसतेस."

मी म्हटलं, समजून घे. ती म्हणाली, समजलं. बीन्स तशाच ठेवून उठली. रात्रीचं जेवण मीच केलं, बरं झालं नाही.

५ एप्रिल

गेली. शहराला लागूनच्या बाराकाल्डोला, एलॉय नावाच्या माणसाच्या फ्लॅटवर. अर्धे पैसे तो घेणार. कामाचा फोनही त्याच्याकडे. म्हणजे माझ्यासारखी दलाल नको म्हणून खऱ्या दलालाकडे. आगीतून फुफाट्यात, आणि ढकललं मी.

खोली झाडली. खिडकी उघडी ठेवली.

९ एप्रिल

पाहुणे तीन. दंतवैद्य नुसता बोलतो. बायकोबद्दल, मग आईबद्दल. मी "हो का" म्हणते. आज मध्येच थांबून म्हणाला, "स्वयंपाकघरात कोणी नाही वाटतं?" त्यालाही कळतं! बाकी दोघांचं काम रद्द केलं.

१६ एप्रिल

व्हिसीबाई वर आल्या, धापा टाकत. अध्यक्षांकडे तक्रार : पहिल्या मजल्यावर पर्यटकांना भाड्याने दिलंय, रोज नव्या बॅगा, जिन्यात बाटल्या.

"तुझी माणसं निदान दार हळू लावतात," म्हणाल्या. "रामराम करून जातात." एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बोलल्या! मग खुर्चीत बसून इकडेतिकडे बघितलं. "ती कुठाय? माझी पिशवी वर आणून द्यायची."

सांगितलं सगळं. कायदा, भाडं, बाराकाल्डो.

"भाडं घेतेस हाच गुन्हा ना?"

"हो."

"मग लग्न कर तिच्याशी. माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षं एका पैशाचं भाडं दिलं नाही, पोलीस काही आले नाहीत!"

हसून हसून दोघींची पुरेवाट झाली. त्या गेल्यावर मी हसायची थांबले.

१७ एप्रिल

योसुनेला फोन. ती आधी ओरडलीच. "कायदा झालाच नाही आणि तू शिक्षा देऊन मोकळी? बाई गं!" मग लग्नाचं विचारलं. दोघी बायकांचं लग्न इथे होतं, तो प्रश्न नाही. म्हणाली, पक्की वाट नाही, पण बायकोला भाडेकरू ठरवायला त्यांना घाम फुटेल.

२३ एप्रिल

मला तिची आठवण येते. लिहून टाकलं. बस.

२८ एप्रिल, रविवार

बाराकाल्डो. स्टेशनसमोरच्या बारमध्ये भेटली. बटाट्याचं ऑम्लेट मागवलं, अर्धंच खाल्लं. वेळा एलॉय ठरवतो. कोण येणार तेही तोच ठरवतो. नाही म्हटलं तर पुढचे दोन दिवस काम देत नाही. "बाकी बरं आहे," म्हणाली. ती असं कधी म्हणत नाही.

मी घाईघाईत सांगितलं. नगरपालिकेत जाऊ, सह्या करू, भाड्याचा प्रश्नच मिटेल.

तिने कप खाली ठेवला. "हे कायद्यासाठी विचारतेस की मला विचारतेस?"

"कायद्यासाठी," म्हटलं मी.

"मग नको."

बिल तिनेच दिलं. मी गाडीत बसले तरी ती बारच्या दारात उभी होती. जिभेला हाड नाही म्हणतात. माझ्या होतं, नेमकं तेव्हाच.

६ मे

पहिल्या मजल्याला अध्यक्षांच्या सहीची ताकीद पाठवली. गोर्का म्हणाले, इतका कामसू अध्यक्ष झाला नव्हता. लिफ्टवालाही येऊन गेला.

१४ मे

पाहुणे घेतले नाहीत. व्हिसीबाईंची पिशवी वर नेऊन दिली. "आणलीस का तिला?" नाही म्हटलं. "मग बटाटे तरी नीट ठेव," म्हणाल्या.

२१ मे

विधेयक पडलं. रेडिओवर दोन मिनिटं, मग हवामान.

म्हणजे लग्नाची गरज उरली नाही. झुनिल्दाला फोन लावला. म्हटलं, कायदा आता नाहीये. तरी विचारतेय.

मग म्हणाली, "बॅगा दोन आहेत. एकटीला उतरवता येणार नाहीत. ये."