रिकामा चेंडू

स्लेट फोर्ज, पेनसिल्व्हेनिया
रविवार, ३० ऑक्टोबर १९८८

चि. सौ. लिडा हिस,

एमिलदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र आणि खसखशीचे दोन डबे पोचले. इथल्या दुकानात आता खसखस मिळत नाही, कारण इथं आता दुकानच नाही. कारखाना बंद पडून चार वर्षं झाली. गावात चालू आहेत ते चर्च, ओटो न्हाव्याचं दुकान आणि शाळेचं फुटबॉलचं मैदान. त्यातही चर्चला गर्दी कमी असते.

ओटोच्या दुकानात जगातला सगळ्यात मोठा क्वार्टरबॅक, म्हणजे सेंटरच्या मागं उभा राहून चेंडू घेणारा आणि फेकणारा गडी, कोण, यावर रोज डोकी फुटायची वेळ येते. पोरं टीव्हीवरची नावं घेतात, आकडे तोंडपाठ म्हणतात. मला ऐकू येत नाही म्हणून ओटो वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दाखवतो. मी मान हलवतो आणि नेहमीचंच सांगतो, की जगातला सगळ्यात मोठा क्वार्टरबॅक याच गावात जन्मला आणि याच गावच्या खाणीतल्या पाण्यात अठराव्या वर्षी बुडाला. त्याचं नाव यान्को साबोल. पोरं हसतात. हसू देत.

आता मुद्द्याचं. शाळेच्या मैदानाला नवं फाटक बसतं आहे आणि त्यावर गावच्या सर्वांत मोठ्या क्वार्टरबॅकचं नाव कोरायचं क्लबनं ठरवलं आहे. आमच्या काळचे जेवढे खेळाडू जिवंत आहेत, त्यांनी मतं द्यायची. यान्कोला सतरा पडली. तुझ्या नवऱ्यालाही सतराच. एक मत राहिलं आहे आणि ते माझं. क्लबची बर्निसबाई चिठ्ठीची पेटी घेऊन दोनदा घरी आली. थँक्सगिव्हिंगच्या सामन्याच्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुदत मागून घेतली आहे.

क्लाइडला सांग, तुम्ही ॲरिझोनाला जाईपर्यंत दर थँक्सगिव्हिंगला तुमच्या घरी टर्की खाताना मी यान्कोचीच बाजू घेत आलो, तेव्हा आता फार आशा धरू नकोस. त्याला राग आला तर चांगलंच, रागानं फुप्फुसं जरा मोकळी होतील.

आणखी एक. फ्रँक मिहालिक वसंतात वारला, त्यामुळं यंदा सामन्याआधी गेलेल्यांच्या नावानं रिकामा चेंडू टाकायचा मान माझ्याकडे आला आहे. पायांमधून मागं चेंडू द्यायला वाकता येईल असा मीच आता सगळ्यांत म्हातारा सेंटर. गुडघे काय म्हणतात ते बघू.

तुमच्या तब्येती जपा, आणि मधूनमधून या बहिऱ्याची आठवण ठेवा.

तुझा,
एमिलदादा

---

टूसॉन, ॲरिझोना
रविवार, ६ नोव्हेंबर १९८८

ती. एमिलदादास,

लिडाचा सा. न. वि. वि. पत्र क्लाइडला वाचून दाखवलं. फुप्फुसांवरच्या विनोदाला तो हसला आणि मग दहा मिनिटं खोकत राहिला, तेव्हा असले विनोद जरा बेतानं कर. डॉक्टर आता तारखा सांगत नाहीत. प्राणवायूची टाकी दिवसभर शेजारी असते. तिला तो माझी सवत म्हणतो.

दादा, आज मी भांडायला लिहीत नाहीये. ते मत क्लाइडला दे. यान्को किती गुणी होता ते मलाही ठाऊक आहे, मीही त्या गावातलीच आहे. पण यान्कोला जाऊन बेचाळीस वर्षं झाली, त्याला फाटकाचं काय. माझ्या नवऱ्यापाशी दुसरं काही नाही. कारखान्यानं उजव्या हाताची अनामिका घेतली, मग फुप्फुसं घेतली, मग नोकरी घेतली. उरला तो सेहेचाळीस सालचा धुक्यातला सामना. त्या शेवटच्या आठ चालींवर तो माणूस आयुष्यभर ताठ चालला.

एवढं लिहून मी पत्र बंद करणार होते. पण क्लाइडनं थांबवलं आणि तुला एक विचारायला सांगितलं. हे त्यानं मला लग्नानंतर आजवर कधी सांगितलं नव्हतं. तो म्हणतो, त्या सामन्यात तिसऱ्या डावात त्याच्या डोक्याला मार बसला, तो कसाबसा बाकावर येऊन बसला, आणि त्यानंतरचं त्याला काहीही आठवत नाही. त्या आठ चालीही नाहीत आणि शेवटचं, सामना जिंकून देणारं टचडाउनही नाही. एकदम आठवतं ते पोरांनी खांद्यावर घेतलेलं. आणि पोरांनी त्याला उचललं ते मैदानातून नाही, बाकावरून.

धुक्यात हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं, सगळ्यांचे सदरे चिखलानं काळे झाले होते. कुणी काही पाहिलं नाही. पण तू सेंटर होतास. प्रत्येक चालीला चेंडू तुझ्या पायांमधून मागं ज्याच्या हातात गेला, त्याचे हात तुला लागले होते. क्लाइड विचारतो, एमिल, ते हात माझेच होते ना.

मी त्याला म्हटलं, तुझे नाही तर कुणाचे असणार, हा काय वेडेपणा. तो म्हणाला, एमिलला विचार.

दादा, काय लिहायचं ते तुला कळतंच. लवकर लिही. माया आहे ती असू दे.

तुझी,
लिडा

---

स्लेट फोर्ज
शनिवार, १२ नोव्हेंबर १९८८

चि. सौ. लिडा हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र बुधवारी आलं. तीन दिवस मी ते खिशात घेऊन हिंडतो आहे. ओटोनं विचारलं, पोट बिघडलं का. हो म्हणून टाकलं.

तुला काय हवं आहे ते कळतं. एका ओळीत लिहून मोकळा होऊ शकतो. पण विचारतो आहे क्लाइड, आणि त्यानं विचारायला बेचाळीस वर्षं घेतली आहेत. त्याला खोटं सांगितलं तर मला अन्न गोड लागणार नाही.

सेंटरला आपला क्वार्टरबॅक कधी दिसत नाही. तो ओणवा, तोंड समोरच्या धटिंगणांकडे, आणि तो माणूस मागं. ओळखायचं ते हातांवरून. यान्कोची एक सवय होती. चेंडू मागण्याआधी तो अंगठ्यानं माझ्या माकडहाडावर दोनदा टिचकी मारायचा. टक, टक. खूण नव्हती ती, नुसती खोड. त्यावरून मी त्याला शिव्या घालायचो. दुसऱ्या कुणाला हे माहीत असायचं कारण नाही. ऑगस्टमध्ये तो बुडाला, क्लाइड त्याच्या जागी आला. क्लाइडचे हात गरम, नेहमी घामेजलेले, आणि टिचकी वगैरे काही नाही. सबंध हंगामभर नाही.

त्या दिवशी आपण चार गुणांनी मागं होतो, आठ मिनिटं उरली होती. नदीवरून धुकं आलं आणि त्यात भट्ट्यांचा धूर मिसळला. घोळका करून चाल ठरवायला वेळ नव्हता, मागून ओरडून सांगायचं आणि पळायचं. मी ओणवा झालो. मागून हात आले. कापडातून हाडाला झोंबेल इतके गार होते. आणि मग टक, टक.

मी मागं वळून बघितलं नाही. माझी छाती झाली नाही, लिडा. आठ वेळा चेंडू दिला आणि आठ वेळा त्या टिचक्या लागल्या. आवाज बसलेला होता, पण त्या दिवशी सगळ्यांचेच बसलेले होते. टचडाउन झालं, लोक मैदानात धावले, आणि मी कुंपणापाशी जाऊन ओकलो. सगळे म्हणाले, पोराला आनंद सोसला नाही.

त्यानंतर दर वर्षी तुमच्या टेबलावर मी यान्कोसाठी भांडलो, ते याच कारणानं. दुसऱ्या कुठल्या मार्गानं मला ते बोलता येत नव्हतं. क्लाइडवर माझा राग कधीच नव्हता. पण चिठ्ठीवर मी त्याचं नाव कसं लिहू.

हे त्याला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. नाही दाखवलंस तर मी तुला दोष देणार नाही. मला मात्र लिहून हलकं वाटलं आणि त्याची लाजही वाटते.

रागावलीस तरी पत्र थांबवू नकोस.

तुझा,
एमिलदादा

---

टूसॉन
गुरुवार, २४ नोव्हेंबर १९८८, थँक्सगिव्हिंग

ती. एमिलदादास,

सा. न. ओटोकडे फोन केला, कुणी उचलत नाही. सगळं गाव मैदानावर असणार. उद्या कुणाकडून तरी निरोप देईनच, पण माझ्या हातचंही तुला मिळावं म्हणून लिहिते आहे. क्लाइड आज सकाळी गेला.

तुझं पत्र आल्यावर मी ते पिठाच्या डब्यात लपवलं. इतकी रागावले होते की तुला उत्तरसुद्धा लिहिलं नाही. मनात म्हटलं, भावाला एक ओळ खोटी लिहिता आली नाही. पण क्लाइड रोज विचारायचा, एमिलचं आलं का. काल दुपारी मला राहवलं नाही. मी सगळं वाचून दाखवलं, टिचक्यांसकट, आणि वाचताना त्याच्याकडे बघायचं टाळलं.

तो हसत होता, दादा. कित्येक महिन्यांनी खोकला न येता हसला. म्हणाला, म्हणजे मला वेड लागलं नव्हतं. मग सांगितलं, की बाकावर बसला असताना धुक्यातून कुणीतरी त्याच्या खांद्यावर गार हात ठेवला होता आणि तू बस, मी बघतो, असं म्हटलं होतं. हे त्याला पहिल्या दिवसापासून आठवत होतं. लोक पाठ थोपटायचे तेव्हा दर वेळी खांदा गार पडायचा. तू यान्कोचं नाव लिहावंस असं त्यानं मला तुला कळवायला सांगितलं. वर म्हणाला, एमिलचा त्या दिवशीचा एक तरी चेंडू मला घ्यायचा राहिला. रात्रीचं जेवण पोटभर जेवला. मला वाटलं, बरा होतोय.

आज सकाळी खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. तिकडं किती वाजले म्हणून विचारलं. मी म्हटलं, तिकडं दहा, सामना सुरू होत असेल. त्यानं मला गप्प राहायची खूण केली आणि दोन्ही हात पुढं केले, मनगटं जुळवून, एक पंजा वर आणि एक खाली. तसाच वाकून बसला. मग बोटं एकदम मिटली आणि सगळं अंग ताठ झालं, उजवा हात कानामागं गेला आणि पुढं आला. त्यानंतर तो मागं टेकला. आठ वाजून चार मिनिटं झाली होती.

एक गोष्ट तुलाच सांगते. नर्स यायच्या आधी मी त्याचे हात पुसले. फडक्याला काळा, ओला चिखल लागला. इथं अंगणात वाळू आहे आणि कित्येक आठवड्यांत पावसाचा थेंब नाही. त्या चिखलाला आपल्या नदीचा वास येतो. फडकं मी धुतलेलं नाही.

माझा राग गेला आहे. तू खरं लिहिलंस म्हणून तो शेवटची रात्र मोकळा झोपला. आता मला तुझ्याशिवाय कुणी नाही, तेव्हा माया आटू देऊ नकोस.

तुझी,
लिडा

---

स्लेट फोर्ज
गुरुवार, २४ नोव्हेंबर १९८८, दुपारचे तीन

चि. सौ. लिडा हिस,

अनेक आशीर्वाद. तू लबाड आहेस आणि तुझा नवरा तुझ्याहून लबाड आहे. पत्राला उत्तर नाही, मी इकडं रोज टपालपेटीत डोकावतोय, आणि तुमचा हा बेत चालला होता. येतोय म्हणून एक कार्ड टाकायला काय झालं होतं. त्या टाकीसकट त्याला विमानात कसं बसवलंस, ते सविस्तर कळव.

सकाळी धुकं होतं, अगदी तेव्हासारखं, फक्त धुराविना. राष्ट्रगीत लांबलं, म्हणून दहा वाजून चार मिनिटांनी माझी पाळी आली. लोकांनी टोप्या काढल्या. रिकामा चेंडू तुला माहीतच आहे. सेंटरनं गेलेल्यांच्या नावानं तो मागं द्यायचा, मागं कुणी नसतं, चेंडू मातीत पडतो, लोक क्षणभर गप्प उभे राहतात आणि मग सामना सुरू होतो. मी वाकलो. खरं सांगतो, मी त्या टिचक्यांची वाट बघत होतो.

मागून हात आले. टिचकी नव्हती. हात गरम आणि घामेजलेले होते, आणि उजव्या हाताला अनामिकेच्या जागी पोकळी होती. मला ऐकू येत नाही, पण हात कळतात. मी चेंडू दिला आणि तो पडला नाही, लिडा. घेतला त्यानं, घट्ट.

मी गुडघे सांभाळत उठून वळेपर्यंत धुक्यात कुणी नव्हतं. बर्निसबाईनं कागदावर लिहून दाखवलं, की तिला माझ्यामागं कुणी दिसलंच नाही. तिला चष्मा लागतो. चेंडू सापडला तो पार गुणफलकाच्या खाली. पोरांनी फीत धरून मोजलं, बासष्ट यार्ड. यान्कोचा चेंडू पंचावन्नाच्या पुढं कधी गेला नव्हता. ते मी स्वतः मोजलेलं आहे आणि त्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

तिथून तडक क्लबमध्ये गेलो आणि चिठ्ठी लिहिली. सेहेचाळीसची गोष्ट सेहेचाळीसपाशी. अर्धी फुप्फुसं आणि नऊ बोटं घेऊन जो इतका लांब फेकतो, तो मोठा. मी इतकी वर्षं चुकीच्या बाजूनं भांडत होतो, हे त्याच्या तोंडावर सांगायचं होतं, पण हे महाराज पसार. फाटकावर वसंतात नाव कोरतील, क्लाइड टेटलो.

त्याला म्हणावं, न जेवता गेलास हे मात्र बरं केलं नाहीस. खसखशीचा रोल केला होता. त्याच्या वाटणीचा बशीखाली झाकून ठेवला आहे, दारही लोटून ठेवलं आहे. अजून गावातच कुठं रेंगाळला असेल तर येईल.

तुम्हा दोघांचा माझ्यावर जीव आहे, तो असाच राहू दे.

तुझा,
एमिलदादा