तिघं निघालो आणि एक खडा

प्रिय अक्का,

पोचलो बरं का कोचीला. हॉटेलात आलो, सामान वर आलं, यांनी आल्या आल्या गरम पाण्याचा नळ कुठला ते शोधून काढलं. एरवी हे सगळं मी तुम्हाला चहाचं आधण ठेवता ठेवता सांगितलं असतं. आता कुणाला सांगू? हे आणि दादा खाली पाणी बघायला गेलेत. टेबलावर हॉटेलचे कोरे कागद नि पेन होतं, म्हणून लिहायला बसले. तुम्ही सांगितलेल्या कामाचं काय झालं, ते तुम्हाला कळायला हवं की नको?

काम म्हणजे तेच, दवाखान्यात माझा हात धरून सांगितलंत ते. "सुनंदा, जहाजाचं रद्द करू नका. आणि त्यांना घेऊन जा. मागं ठेवू नका त्यांना." काय पण काम सांगितलंत! लग्न होऊन आपल्या घरात आल्यापासून ज्या थोरल्या दिराशी मी समोरासमोर एक वाक्य बोलले नाही, त्यांना म्हणे मी जहाजात बसवायचं!

हसू नका. यात तुमचाही हात आहे. नवी नवरी होते तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, थोरल्या दिरापुढं डोक्यावर पदर आणि तोंड बंद. सासूबाई गेल्या, पदर खांद्यावर आला, घरातल्या सुना गाऊन घालून अंगणात फिरायला लागल्या. पण आमचं बोलणं काही सुरू झालं नाही. कसं होणार? मध्ये तुम्ही होतात! "अक्का, विचारा त्यांना, भाकरी वाढू का." दादा तिथंच पाटावर बसलेले, सगळं ऐकत. तरी तुम्ही विचारायचात, "अहो, भाकरी?" आणि ते म्हणायचे, "अर्धी दे म्हण तिला." मळ्यातही तेच. गुलाबाच्या जुड्या मी बांधायची, टेम्पोत ते लावायचे, आणि निरोप सगळे तुमच्या तोंडून.

तुम्ही गेलात आणि मी पातेल्यावर पळी वाजवायला लागले. पळी वाजली की दादा ताट पुढं सरकवतात. नको असलं की ताटावर हात आडवा धरतात. वर्ष काढलं की आम्ही असं! शेजारची पोरं हसतात आम्हाला.

तुम्हाला जहाजच का हवं होतं, हे मला आधी कळत नव्हतं. अलिबागला आपण समुद्रात पाय भिजवले होते की. पण तुम्ही म्हणालात, "काठावरून काय बघायचं? बांधावरून शेत बघितल्यासारखं. मला मधोमध जायचंय. पलीकडचा काठच दिसायला नको. आपल्या गोदामाईला बघावं तर पलीकडच्या बाईचं धुणं दिसतं!" मग पल्लवी तुमचीच लेक, तिनं मनावर घेतलं. कोचीहून जहाज, आदल्या दिवशी हॉटेल, विमानतळावर न्यायला गाडी, आपण चौघं. सगळं ठरलं आणि तुम्ही त्याच्या आधीच निघून गेलात. असं कुणी करतं का, अक्का?

पल्लवीनं तारीख पुढं ढकलली, वर्षश्राद्धाच्या नंतरची घेतली. जहाजावरचं तुमचं नाव काढलं. आणि दादा म्हणाले, "मी कोचीपर्यंत येतो. ह्यांना हॉटेलात पोचवतो नि माघारी फिरतो." परतीचं तिकीट काढायलाच लावलं तिला.

त्यांचं पोचवणं तुम्हाला काय सांगायचं! पाहुणा निघाला की दादांनी सीबीएसच्या स्टँडवर जायचं, पाहुण्याला खिडकीशी जागा मिळवून द्यायची, आणि एसटी हलेपर्यंत खिडकीखाली उभं राहायचं. पाहुणा म्हणतोय जा आता, आणि दादा तिथंच खांबासारखे. पण स्टँडपर्यंत पोचवणं निराळं आणि विमानात बसून कोचीपर्यंत पोचवणं निराळं! हे धीर करून म्हणाले, "दादा, एवढं लांब येताय तर पुढं चला ना." दादा म्हणाले, "तिच्याबिगर मी त्या पाण्यात काय करू?" झालं, हे गप्प. थोरल्या भावापुढं यांचं तोंड कधी उघडलंय? यांचा आवाज सगळा माझ्यापुरता.

सकाळी ओझरला निघायला गाडीत बसणार, तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं. आपण तीन! तीन तिघाडा, काम बिघाडा. तुम्ही असतात तर गाडीचं दार उघडायच्या आत खडा उचलला असतात. पल्लवीचं स्थळ बघायला पिंपळगावला आपण तिघंच निघालो होतो, तेव्हा तुम्ही पदराला खडा बांधलात आणि म्हणालात, "झालो चार, चला आता." मी तशीच मागं पळाले. शेवंतीच्या वाफ्यातला एक खडा उचलला, साडीला पुसला, पर्समध्ये टाकला. दादा बघत होते. तो वाफा तुम्ही लावलेला आहे, हे त्यांनाही माहीत आहे.

ओझरच्या विमानतळावर पर्स यंत्रातून गेली आणि तिथल्या बाईंनी खडा बाहेर काढला. "ये क्या है?" हे घाईघाईनं म्हणाले, "पत्थर है." बाई म्हणाल्या, "वो तो दिख रहा है. किसलिए?" यांना फुटला घाम. मी म्हटलं, "तिघं आहोत हो आम्ही." बाईंनी आम्हा तिघांकडे एकदा बघितलं आणि मराठीत म्हणाल्या, "असं होय! ठेवा आत." आपल्याकडचीच कुणाची तरी लेक असणार.

बेंगळुरूला विमान बदललं, ते सगळं पुन्हा कधीतरी सांगेन. खरी गंमत कोचीला झाली. गंमत तरी कशी म्हणू?

बाहेर आलो तर हवा अशी दमट की चष्म्यावर वाफ. पदरानं चष्मा पुसून बघते तर दारापाशी पाट्या धरलेली माणसं उभी, आणि एका पाटीवर तुमचं नाव! कमल, इंग्रजीत, ही एवढी मोठी अक्षरं. खाली लिहिलेलं, चार माणसं. पल्लवीनं जहाजावरचं नाव काढलं, गाडीचं राहूनच गेलं होतं. अक्का, तुमचं नाव इतकं मोठं मी कधीच कुठं बघितलं नव्हतं. दादांच्या हातातली ट्रॉली सुटली. ती आपली उतारानं पुढं निघाली आणि हे तिच्यामागं धावले.

ड्रायव्हर पांढऱ्या शर्टातला, भरघोस मिशांचा माणूस. मला हसून म्हणाला, "कमल मॅडम?" मी यांना हातानं बोलावलं. हे ट्रॉली घेऊन आले आणि म्हणाले, "वो नहीं आयी."

"नेक्स्ट फ्लाइट?"

"नहीं नहीं. आयीच नहीं."

"टॉयलेट?"

त्याला हिंदी थोडीथोडी, आणि यांची हिंदी फूलबाजारातली. त्यानं बोटांवर आम्हाला तीन मोजलं, पाटीवरचा चारचा आकडा दाखवला, आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला. "नो प्रॉब्लेम. वेटिंग. मॅडम आएगा."

मॅडम आएगा! इतक्या खात्रीनं म्हणाला तो, की मी वळून दाराकडे बघितलं. खोटं नाही सांगत. आतून माणसं येत होती, एकेक, बॅगा ओढत. आणि मी बघत होते. शेजारी बघितलं तर दादाही तिकडंच बघत होते.

शेवटी मी पर्स उघडली, खडा काढला आणि त्याच्यापुढं धरला. "ये चौथी. चलो." त्यानं खड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग दादांकडे बघितलं. दादांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसतही नव्हते. ड्रायव्हरला काय समजलं ते देव जाणे. त्यानं पाटी उलटी करून काखेत धरली, दादांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि गाडीकडे चालायला लागला.

गाडी मोठी होती. हे पुढं बसले, यांना पुढं बसायची हौस. दादा मधल्या सीटवर खिडकीशी, मी त्यांच्या मागं. दादांच्या शेजारची जागा रिकामी. त्यांनी पिशवी तिथं ठेवली नाही हो, मांडीवर घेऊन बसले सगळा रस्ता. विमानतळ इथंही गावाबाहेर, आपल्या ओझरसारखाच. नारळाची झाडं, मग एक नदी, मग डोक्यावर मेट्रोचा पूल, तो काही संपेचना. हे सारखे विचारत होते, "हॉटेल कितना दूर?" आणि तो म्हणत होता, "आया, आया."

दादा वाटेत एकदाच बोलले. सिग्नलला गाडी थांबली, बाजूला फुलांचं दुकान होतं. "शेवंती शिळी हाय," म्हणाले. कुणाला म्हणाले? शेजारच्या रिकाम्या सीटला! तुम्ही असतात तर फटकन म्हणाला असतात, "इथं तरी बाजार सोडा, नारळ बघा नारळ!" माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण जीभ उचलेना. पळीही नव्हती हाताशी.

खोली वरच्या मजल्यावर मिळाली. खिडकीतून पाणी दिसतं, बोटी येता-जाताना दिसतात. दादा खिडकीशी जाऊन उभे राहिले. यांना म्हणाले, "पोचवलं तुम्हाला. सकाळी मी निघतो. त्या गाडीवाल्याला सांगून ठेव."

हे काय म्हणाले असतील? "बरं." अक्का, हा माणूस 'बरं' म्हणाला!

मग मात्र माझं डोकं फिरलं. यांचा राग आला, दादांचा आला, आणि सगळ्यात जास्त तुमचा आला. काम सांगून मोकळ्या झालात, आणि मध्ये उभं राहायला कुणाला ठेवून गेला नाहीत. पळी वाजवून माणूस जहाजात चढतो का? माझा हात आपोआप वर गेला, पदर डोक्यावर घेतला, आणि मी बोलले.

"दादा, तुम्हाला जायचं तर जा."

यांनी आ वासला. दादांचं तोंड खिडकीकडेच, पण पाठ ताठ झाली.

"पण खडा माझ्याकडे आहे. तो अक्कांच्या जागी घेतलाय. काम पुरं करून घरी जाईपर्यंत तो टाकता येत नाही, अक्काच सांगायच्या. तुम्ही माघारी गेलात की आम्ही राहिलो दोघं, आणि अक्का. किती झाले? तीन! एवढ्या पाण्यात आमचा तिघाडा करून पाठवताय का तुम्ही?"

एसीच्या त्या गारव्यात मी घामानं भिजले. वाटलं, संपलं, आता आयुष्यभर माझ्या हातचं जेवणार नाहीत दादा. दादा बाहेर बघतच यांना म्हणाले, "हेच का रं ते पाणी?"

"हेच. इथूनच निघायचं उद्या."

"पलीकडचा काठ दिसतोय की. तिला काठ नको होता."

"पुढं गेल्यावर नाही दिसत, दादा," मी म्हटलं. एकदा तोंड उघडलंच होतं, आता काय भ्यायचं?

तेव्हा ते वळले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सुनंदा." अक्का, माझं नाव! इतकी वर्षं मी 'ती' होते, 'धाकटी' होते, 'तिला म्हण' होते. "सुनंदा, खडा नीट ठेव. पर्समधून पडंल. उद्या जहाजावर लागंल आपल्याला."

एवढंच बोलले. चपला घातल्या आणि यांना घेऊन पाणी जवळून बघायला खाली गेले. दार लागलं आणि मी पलंगावर बसून पोटभर रडले. तुम्ही गेलात तेव्हा पाहुण्यांचं चहापाणी करता करता रडायचं राहूनच गेलं होतं.

एक विचारू? काम तुम्ही यांना का नाही सांगितलंत, दादांच्या सख्ख्या भावाला? पल्लवीला का नाही? मलाच का? तुम्हाला माहीत होतं ना, दादांना जहाजात बसवायचं तर मला तोंड उघडावंच लागेल. मोठ्या बिलंदर हो तुम्ही! मरतानासुद्धा दुसऱ्यांच्या पंगतीची सोय लावून गेलात. पण मग एवढं होतं तर दोन दिवस आमचं बोलणं ऐकायला थांबला असतात, तर काय बिघडलं असतं?

आत्ता लिहिता लिहिता खोलीतला फोन वाजला. दादा होते, खालून. "चहा सांगतोय. तुला सांगू का?" मला विचारत होते! "अर्धा," म्हटलं.

जाते आता खाली, चहा गार होईल. पण शब्द देते तुम्हाला. उद्या पलीकडचा काठ दिसेनासा झाला की दादांना मी वर, उघड्यावर घेऊन जाईन, तुम्हाला हवं होतं तसं मधोमध. घरी गेल्यावर पळी वाजवणार नाही, भाकरी हवी का ते माझ्या तोंडानं विचारीन. आणि तिथं कुणी म्हणालं की खडा समुद्रात सोडू या, तर मुळीच सोडू देणार नाही. तो शेवंतीच्या वाफ्यात होता तिथंच आणून ठेवीन. चौघं निघालो होतो, चौघं घरी येऊ.

तुमची धाकटी जाऊ,
सुनंदा