माल तयार झाल्यावर

४ ऑगस्ट, सोमवार

आज पुन्हा एक गिऱ्हाईक तिच्याकडे गेलं! माझ्या टेबलासमोरून, माझ्या डोळ्यांदेखत. कोर्टाच्या फाटकाशी एकतीस वर्षं करारनामे लिहितोय मी — आणि ही तेजस्विनी, काळा कोट चढवून दोन वर्षं नाही झाली, समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये लॅपटॉप उघडून बसते. तिचा करार दीड पानाचा. दीड! मी चार पानांखाली कधी उतरलो नाही.

वर मलाच शिकवते. ‘काका, एका वाक्यात एकच गोष्ट. कोण करणार, काय करणार, कधीपर्यंत — आणि नाही केलं तर काय.’ करारनामा आहे की किराण्याची यादी? आणि काका कुणाचा गं मी?

६ ऑगस्ट, बुधवार

जैनाबादची मालूबाई. हिच्या सासऱ्याचे, नवऱ्याचे सगळे कागद मी लिहिले. नवरा गेल्यापासून केळी एकटी बघते. यंदा बाग निरंजन व्यापाऱ्याला दिली आणि करार केला कुणाकडे? तिच्याकडे! माझ्यासमोरून गेली तर पदर तोंडाला लावून, मान खाली. मीही हाक मारली नाही. जा म्हटलं, कर तुझं.

७ ऑगस्ट, गुरुवार

घरी बायको म्हणाली, ‘जेवताना तरी त्या पोरीला ताटातून बाजूला काढा.’ ताट सरकवून उठलो.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवतो.

निरंजन स्वतः चालत माझ्या टेबलाशी आला. केळीचे भाव पडलेत. मालूबाईचा माल आत्ता उचलला तर त्याला घाटा. नाही उचलला तर करारात भरपाई लिहिलेली. ‘काका, लडकी ने ऐसा बांधा है कि हिल नहीं सकता. कुछ निकालो.’ आणि कागद माझ्यापुढं टाकला.

तिचा कागद पहिल्यांदाच हातात आला. वाचला. दोनदा वाचला. खोटं कशाला लिहू — साफ होता. कुठलं काम कुणाचं, वाचताक्षणी कळत होतं. जीव जळला माझा! मग तिसऱ्यांदा वाचला आणि सापडलं. सातवं कलम. इथले कागद हिंदीतच असतात, तसंच उतरवतो: ‘माल तैयार होने पर तीन दिन के भीतर व्यापारी कटाई कराएगा.’ अरे, पण तयार झाला हे ठरवणार कोण? शेतकरी? व्यापारी? कुठंच नाही लिहिलेलं! आपल्याकडे दोघं बांधावर उभे राहतात, घड दाबून बघतात, ‘हो’ म्हणतात, झालं. म्हणून हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नाही.

मी एवढंच बोललो, ‘तुम कहते रहो — अभी तैयार नहीं है.’ निरंजन मांडीवर थाप मारून हसला. पैसे देत होता. घेतले नाहीत. असल्या कामाचे पैसे घेतात होय!

२६ ऑगस्ट, मंगळवार

चार भाकरी खाल्ल्या. ही बघतच राहिली.

१ सप्टेंबर, सोमवार

मालूबाई सकाळपासून त्या शेडमध्ये बसून रडत होती. अख्ख्या फाटकाला ऐकू जात होतं. ‘मॅडम, रोज फोन लावते मी. रोज म्हणतो अभी नहीं, अभी नहीं. आता झाडावरच पिवळे पडून राहिले ना घड! फाटलेला माल कोनाले देऊ मी?’

तेजस्विनीचा चेहरा पांढराफटक. तेच पान वरखाली करत होती. घे! दीड पान! एकदा मोठ्यानं ओरडावंसं वाटलं.

ओरडलो नाही. मालूबाईचं रडणं काही थांबेना. टेबल आवरून दुपारीच घरी आलो. वाईट वाटतंय मला, नाही कशाला म्हणू. पोरं नाहीत, नवरा नाही, वर्षाचं एक पीक. पण तिला तिकडं जायला मी सांगितलं होतं का?

३ सप्टेंबर, बुधवार

तेजस्विनी टेबलाशी आली. मी बस म्हणालो नाही, ती उभीच राहिली. वाटलं, आता भांडणार. निरंजननं माझं नाव सांगितलं असणार. मी तयारच होतो, दोन वर्षांचं सगळं काढणार होतो.

ती म्हणाली, ‘काका, चूक झाली माझ्याकडून. तुम्हाला सांगायला आले.’

बॅगेतून एक जुना कागद काढला. मालूबाईच्या सासऱ्याचा करार, सत्त्याण्णव सालचा. घडीवर फाटलेला. खाली माझी सही, माझा शिक्का.

‘बाकीचा करार मी नव्यानं लिहिला. सातवं कलम तेवढं यातून जसंच्या तसं उचललं. म्हटलं, केळीच्या कटाईचं काकांपेक्षा कुणाला जास्त कळणार? तुमचं आहे म्हणून तपासलंच नाही मी.’

तिनं बोट ठेवलं तिथं वाचलं. अक्षर न् अक्षर माझं. चार पानांच्या पोटात होतं, इतकी वर्षं मलासुद्धा दिसलं नव्हतं. तिच्या दीड पानात उघडं पडलं.

ती गेली. मी निरंजनचं काहीच सांगितलं नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

कपाट उघडून यंदाच्या सगळ्या नकला काढल्या. राजपुऱ्यातल्या वाघ कुटुंबाची बाग, डोईफोडिया गावातली एक, जैनाबादच्या आणखी तिघांची — सगळ्यांचा माल अजून उभा. सगळ्यांत तेच वाक्य.

अकरा वाजता निरंजनचा फोन आला. ‘काका, मेरे बाकी किसानों के कागज तो आप ही के लिखे हुए हैं ना?’