लागू नसेल ते खोडा

२ मार्च १९९८. बंगळूर.
आज सोळा प्रोग्राम. वर्षाचे दोन आकडे होते, २००० सालासाठी चार केले. वर्षभर हेच.
पीएच.डी.चा फॉर्म आला. विषयाला एकच चौकट. संगणकीय विज्ञान: समीकरणाचे तुकडे करायचे, मशीनकडून आकडा काढून घ्यायचा. की गणिती भौतिकी: तो आकडा तोच का, हे कागदावर शोधायचं. सं.वि. की ग.भौ. चौकट कोरी.

८ मार्च, रवि.
बूथवरून आप्पांना फोन. निपाणीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं त्यांनी. वाटलं, ग.भौ. म्हणतील.
"काँप्युटर लिही. गणितानं मला काय दिलं, ते तू घरात बघितलंयस."
बघितलंय, म्हटलं. काय, ते मात्र सांगितलं नाही. सकाळी शाळेआधी आप्पा स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं प्रमेय मांडत बसायचे. आई चहाचा कप घेऊन आकडे चुकवत चालायची. इतका सुखी माणूस मी नंतर पाहिला नाही. ऑफिसात तर नाहीच.

११ मार्च
नोकरीत असलेल्यांना कंपनीचं ना हरकत पत्र जोडावं लागतं. राव सरांना, मॅनेजरना, विचारलं. सं.वि.साठी लगेच देतो म्हणाले. ग.भौ. कुठल्या क्लायंटला लागतं, असं हसत विचारलं. हसणं खरं होतं, तेच लागलं.
शेजारच्या टेबलावरचा शिरीष समजूत घालत होता. "अगं, समीकरणं तीच. तू मशीनला सोडवायला लाव, एवढंच." पुण्याचा आहे. त्याला सगळं एवढंच असतं.

१४ मार्च, शनि.
ग.भौ.च्या प्राध्यापकांना भेटले. म्हातारे, मृदू. फळ्यावर एक साधं समीकरण लिहून खडू माझ्या हातात दिला.
मी ते नीट पाहिलंही नाही. शून्य ते एकचे दहा तुकडे केले आणि आकडे काढायला लागले. चार काढले. चारही बरोबर.
त्यांनी चारही काढू दिले. मग म्हणाले, "उत्तर एका ओळीत होतं."
तेव्हा दिसलं. बी.एस्सी.ला असताना झोपेत सोडवलं असतं.
"नोकरी किती वर्षं?"
"पाच."
डॉक्टर मान हलवतात तशी हलवली. "अर्ज भरा. नाही म्हणत नाही. पण हाताची ही सवय मोडायला वेळ लागेल, आणि मी दोन वर्षांत रिटायर होतोय."

१५ मार्च
ती एक ओळ पुन्हा काढली. चाळीस मिनिटं लागली. घरमालकीण अक्कांनी खिडकीतून विचारलं, परीक्षा आहे का. हो म्हटलं. "सरी," म्हणजे कानडीत बरं, म्हणून गेल्या.

१९ मार्च
राव सरांनी न मागता पत्र आणून दिलं. सहीशिक्क्यासह. विषय टाइप केलेला: संगणकीय विज्ञान. त्यांना वाटलं, मदत केली. मी थँक्यू म्हटलं. म्हटलंच.
दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्राध्यापकांसारखंच दुसरं समीकरण घेतलं. हात तुकडे करायला गेला, आवरला. पंचवीस मिनिटं.
फॉर्म उद्या पाचपर्यंत द्यायचा. आज पहिल्यांदा सगळा वाचला. विषयाच्या चौकटीच्या वर एक ओळ आहे. नोकरीत आहे / नाही. लागू नसेल ते खोडा.
"नाही" खोडलं तर पत्र जोडावं लागतं. "आहे" खोडलं तर उद्या पाचच्या आत ते खरं करावं लागेल.
पेनात शाई भरली. अजून काही खोडलेलं नाही.