सात नंबरचा डोंगा

गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५
पुनर्वसन वस्ती, ता. पवनी, जि. भंडारा

चि. हर्षास,

मोठीमायचा आशीर्वाद. मी बरी आहे, तुझे आईबाबाही बरे आहेत. धान पोटरीत आलं आहे. शेळीला दोन पिल्लं झाली, एक कपाळावर पांढरं आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते. तुझ्याच तिसरीच्या पुस्तकावर अक्षरं लावत वाचायला शिकले, तेव्हा चुका दिसल्या तर सोडून दे.

मच्छीमार सोसायटीचा तू जोडलेला सालभराचा अहवाल मिळाला. पहिल्यांदाच आकडे जुळले म्हणतात. हिशेब पाहायला शहरातून एक माणूस आला होता, तो वह्या फेकून मशीन घ्या म्हणत होता. तू म्हणालीस, वह्या राहू द्या. घाटावर माझी डोंग्याची वही, काट्यावर भैयाजींची वजनाची, धनंजयकडे मासे नेणाऱ्या गाडीची. तिन्हींत फक्त डोंग्याचा नंबर आणि तारीख लिहा, बाकी मी जोडते. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता.

जूनमध्ये तू ओट्यावर वह्या पसरून बसली होतीस. आठवतं?

"मोठीमाय, डोंगा गेला असं तुह्या वहीत आहे, पन वजन नाही. मंग काय समजू?"

मी मासे साफ करत होते. "रिकामा आला असन. गेलाच नाही समज."

"असं कसं?"

"मासाच नाही तं काय मोजतं, पानी?"

तू हसलीस आणि तसंच केलंस. हे मी म्हटलं होतं, ते नाकारत नाही.

१८ मार्चला दुपारी वारा सुटला होता. गाडी येऊन उभी होती, म्हणून अध्यक्ष धनंजयने चार नंबर आणि सात नंबर पाठवले. चार नंबरमधले भैयाजी अर्ध्यातून रिकामे परत आले. सात नंबरमध्ये तुझे मोठेबाबा होते. दोघांचं जाणं मी माझ्या हाताने लिहिलं. परतीच्या रकान्यात सात नंबरसमोर अजून काही नाही. वजन दोघांचंही नाही. तुझ्या अहवालात त्या दिवशी सोसायटीचा एकही डोंगा पाण्यात गेलेला नाही.

मी धनंजयला विचारायला गेले.

"कागद पाहा वहिनी," तो म्हणाला. "आपला डोंगा गेलाच नाही तं आसारामभाऊ कोनाच्या कामानं गेले? आपल्या मनानं गेले असन, जाळं टाकाले."

"चोरून, असं म्हनतं का?"

"मी कायले म्हनू? कागद म्हनते."

भैयाजी तिथेच तंबाखू मळत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. "मले नाही आठवत बाई," म्हणाले. मळलेली तंबाखू तोंडात टाकायची मात्र विसरले.

आता वस्तीत तेच बोललं जातं. जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा घर गेलं, शेतातल्या तळ्याची बोडी गेली, तरी त्या माणसाने कधी कुणाच्या जाळ्याला हात लावला नाही. मेल्यावर तो चोर झाला.

दोन दिवस मी हा दोष माझाच धरला. घाईत बोलले, पोरीने नियम लावला, नियमाला माणूस कुठे दिसतो. जेवण गेलं नाही. मग काल शेवटच्या पानावरचे शेरे वाचले. बारीक अक्षर आहे, बोट ठेवून वाचलं. "दि. १८ मार्च, डोंगा क्र. ७. डोंग्याच्या वहीतील नोंद चुकीची."

चार नंबरसमोर असा शेरा नाही. फक्त सातसमोर आहे.

म्हणजे ती तारीख तुझ्यासमोर आली होती. तू थांबलीस, ओळखलीस आणि माझं अक्षर खोटं ठरवलंस. मार्चमध्ये मोठेबाबांचा देह पाण्यात सापडेपर्यंत दोन दिवस तू माझ्याजवळ बसून होतीस, हर्षा. तुझी आई म्हणाली, धनंजय तुला सोसायटीत कायम करणार आहे. त्याने सांगितलं म्हणून लिहिलंस की त्याने सांगायच्या आधीच, हे मला विचारायचं नाही. दोन्हीपैकी कोणतं उत्तर मला सोसेल, कळत नाही.

तुझं काम वाईट नाही. मशीन न आणता, वह्या न मोडता होतं हे तू दाखवलंस. त्यात एकच रकाना वाढव: गेला, परत आला नाही. रिकामी जागा दिसली तर दिसू दे. ती भरून काढायला ते काही विसरलेलं वजन नव्हतं.

रविवारी, २१ तारखेला सभा आहे. मी वही घेऊन उभी राहणार आणि ते पान मोठ्याने वाचणार. भैयाजींच्या समोर वाचणार. तू आलीस तर तुझा शेरा तू वाच. नाही आलीस तर तोही मीच वाचीन. वाचायला मला तूच शिकवलंस.

खाली मोठीमाय लिहायला पेन टेकवलं होतं. ते राहू दे. वहीत करते तीच सही करते.

रेवताबाई आसाराम,
घाटावरची नोंद करणारी