कमरेवरचं मौन

३ फेब्रुवारी, मंगळवार
टक् टक्... टक् टक्. ऑर्डवेबाईंची छडी टेबलावर ठेका धरायची आणि आठवीचा आमचा वर्ग कविता म्हणायचा. चौसष्ट वर्षांनी आज तो आवाज पुन्हा कानात घुमला. कारण बातमी! खिशात पिस्तूल लपवून बाळगायला आता ना परवाना लागणार, ना आठ तासांचं शिक्षण. विधेयक आलंय. बारा तारखेला राजधानीत, टोपेकाला, विधिमंडळाच्या समितीपुढे त्याच्या बाजूनं साक्ष देणार. तीन मिनिटं. पद्यात!
संकल्प : रोज तालीम. गोड बंद.

४ फेब्रुवारी
आर्लीनला सांगितलं. म्हणाली, अरे कविराजा, तीन मिनिटं तर तुला घसाच खाकरायला लागतात. बायको म्हणजे पहिली समीक्षक.
ते आठ तास मी नोव्हेंबरात भोगलेत. शिकवणारी व्हर्ना लिंडक्विस्ट, पूर्वीची स्वयंपाकाच्या तासाची मास्तरीण. त्यातली वीस मिनिटं नुसती टॉयलेटवर! म्हणे तिथे पिस्तूल काढून कुठेही ठेवायचं नाही, पट्ट्यातच राहू द्यायचं. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला हे? मी डोळे मिटून यमकं जुळवली.

६ फेब्रुवारी
झालं!
कमरेवरती मौन निजे हे,
कुणा न त्याचा ठाव;
जबाबदार मी, जागा सदा मी,
शांत झोपु दे गाव.
खरंच कुणाला पत्ता नाही. पशुखाद्याच्या दुकानातला गस म्हणाला, काय डेल्मर, उजवी बाजू जड झालीय का? पाठदुखी म्हणालो. पठ्ठ्याची नजर तेज आहे एवढंच.

९ फेब्रुवारी
घड्याळ लावून म्हटलं. पाच मिनिटं चाळीस सेकंद. घड्याळ पुढे असावं.
व्हर्नाही टोपेकाला येतेय म्हणे, विरोधात बोलायला. बिचारी. गद्यात बोलेल.

११ फेब्रुवारी, सकाळी १०
कॅफेत चेरी-पाय खाल्ला, चेरी भरलेली पेस्ट्री. (गोड नव्हे, फळ.) मग टॉयलेटमध्ये दार लावून शेवटची तालीम. आवाज काय घुमतो तिथे! एकही ओळ चुकली नाही. घरी चालत आलो तर अंग पिसासारखं हलकं. कविता पुरी झाली की असंच होतं.

११ वाजून २० मिनिटं
हलकं का ते कळलं.
पिस्तूल तिथेच राहिलं, टॉयलेट पेपरच्या डब्यावर. भरलेलं.
कॅफेत फोन केला. काउंटरवरची डार्ला म्हणाली, आजोबा, तिथे काही नाही, एका गिऱ्हाइकानं उचलून नेलं. कुणी, ते सांगेना. म्हणे, बुधवारी साडेदहाला बालवाडीची पोरं कोको प्यायला येतात, माहितीये ना? माहितीये. गेल्या वर्षी मीच त्यांना कविता म्हणून दाखवली होती.
आर्लीन हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.
‘जागा सदा मी’ ही ओळ बदलावी का? यमक बिघडत नाही म्हणा.

११ वाजून ५०
दारावर टक् टक्... टक् टक्. अगदी ठेक्यात. शेरीफचा माणूस असणार. टाय लावला. आर्लीननं दार उघडलं.
व्हर्ना लिंडक्विस्ट. दोन्ही हातांत केकचा डबा, केकच्या मानानं फारच जड, वर नीट घडी घातलेला टॉवेल.
बूट पुसत म्हणाली, डेल्मर, ती वीस मिनिटं आत्ता इथे घेऊ, की उद्या टोपेकात, सगळ्यांसमोर?